दादाचं दिसतं, माझं दिसत नाही

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची, खानापूर तालुक्यातली. गावात मराठी शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल लांब, पावसाळ्यात बसचा भरवसा नाही. नववीत आई आजारी पडली नि माझी शाळा सुटली. दादा दहावी नापास होऊन बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत लागला. हल्ली तो पिऊन येतो, सगळं घर त्याच्या काळजीत. मला तिन्हीसांजेला चूल पेटवताना छातीत धडधडतं, रडू येतं. वर्गातल्या मुली नर्सिंगला गेल्या. त्या दिसल्या की मी वाट बदलते. आई म्हणते, "तुला काय झालंय गे, दोन वेळ जेवतीस की!"

उत्तर : दादा 'नापास झाला' आणि तुझी शाळा 'सुटली'. कुणी सोडवली ते लिहिलं नाहीस. आईवर राग आहे, आणि ती आजारी होती म्हणून रागाचीच लाज वाटते, असं तर नाही ना?

मी निपाणीत वाढले. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुली शाळेतून उठून थेट विडीच्या सुपापुढे बसल्या. एक जण रोज दुपारी कपाळाला फडकं बांधून विड्या वळायची. डोकेदुखीच्या गोळ्या संपल्या, डोकं थांबलं नाही. पुरुषाचं दुखणं बऱ्याचदा दारूतून, चिडचिडीतून बाहेर पडतं, मग ते गल्लीला कळतं. बाईचं धडधडीत, झोपेत जिरतं. स्वयंपाक वेळेवर झाला की घर निश्चिंत. दादाही कदाचित त्या निकालापाशीच अडकला असेल. एकदा विचारून बघ, पण तो शुद्धीत असताना.

आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी धडधडतं. तिथं काही निघालं नाही, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात ते विचार. त्याआधी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत. जीव नकोसा वाटला तर मात्र दिवस बघत बसू नकोस, त्याच घटकेला फोन कर आणि घरात कुणाला तरी सांग.

दहावी अजून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची परीक्षा मराठीतून देता येते, वर्षातून दोनदा असते. परीक्षेच्या दिवसांत भाकऱ्या कोण थापणार, हे फॉर्म भरण्याआधीच घरात ठरवून घे. दादाला येतात का?