तुम्ही विचारलंत, १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या शहरात लोक कशाने मरत? बाहेरून आलेल्यांच्या साथींमुळे?

नाही. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग आणि गिरण्यांच्या व घरोघरच्या कोळशाच्या धुराने बळावलेला ब्राँकायटिस. साथींचा जोर तोवर ओसरला होता. घटसर्प घ्या: १९४० साली ब्रिटनमध्ये ६१ हजारांवर रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू, लसीकरणानंतर १९५७ साली रुग्ण ३८, मृत्यू ६.

तुमच्या प्रश्नात "बाहेरून आलेल्यांच्या" हे वाचलं म्हणून लिहितोय. माझे काका तेव्हा ब्रॅडफर्ड या अशाच गिरण्यांच्या शहरात एका इस्पितळात ज्युनिअर डॉक्टर होते. डिसेंबर १९६१ मध्ये कराचीहून आलेली नऊ वर्षांची मुलगी त्या शहरात दगावली. तिला मलेरिया निघाला, त्यामुळे देवीच्या रोगाची शंका कुणाला आली नाही. जानेवारीत आणखी रुग्ण निघाले तेव्हा उलगडा झाला. एकूण १४ जणांना देवी आल्या, ६ गेले. त्यांत शवविच्छेदन करणारे डॉक्टरही होते. लस टोचून घ्यायला शहरभर रांगा लागल्या. काका दिवसभर लोकांचे दंड पुसून लस टोचत होते. रात्री खोलीवर आले तर घरमालकिणीने त्यांची ट्रंक आणि गुंडाळलेलं अंथरूण बाहेर पायरीवर काढून ठेवलेलं, पावसात. कराची त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. साथ संपेपर्यंत ते इस्पितळातच झोपले. काकू हे सांगते तेव्हा आजही तिचा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा.

आमचा आतेभाऊ मात्र दर गणपतीत म्हणतो, "शेवटी रोग आपल्याच भागातून गेला ना?" अरे, सहा माणसं गेली, वाईटच झालं. पण त्याच हिवाळ्यात त्याच शहरात ब्राँकायटिसने त्याच्या कितीतरी पट गेली. त्यांच्यासाठी कुणाची ट्रंक रस्त्यावर आली नाही.

तुम्हाला खरंच शोधायचं असेल तर त्या त्या पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल वाचा. रोगांच्या नोंदी आणि मृत्यूंचे आकडे वेगळे असतात, ते एकत्र करू नका. गोवराच्या नोंदी ढीगभर दिसतील, मृत्यू मोजके. आतेभाऊ नेमके नोंदींचेच आकडे तोंडावर फेकतो.

क्षयाचं प्रमाण आपल्या उपखंडातून गेलेल्या कामगारांत जास्त होतं, हे खरं आहे. पण एका खोलीत दाटीवाटीने, पाळीपाळीने एकाच पलंगावर झोपणाऱ्यांना त्याचा धोका वाढणारच. त्या खोल्यांचं भाडं कोण घेत होतं, तेही बघा.