उबुंटूवर अपाचे 'रीराइटइंजिन' ओळखतच नाही. सोर्समधून पुन्हा कंपाइल करावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'रीराइटइंजिन ऑन' (पत्ते बदलण्याचे नियम चालू करणारी ओळ) टाकल्यापासून अपाचे, म्हणजे साइटची पानं देणारा सर्व्हर, सुरूच होत नाही, 'इनव्हॅलिड कमांड' म्हणतं, आणि ओळखीच्या एकांनी सोर्स उतरवून कंपाइल करायला सांगितलंय. तसलं काही करू नका. दोन आज्ञांचं काम आहे (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाका):

सुडो एटूएनमॉड रीराइट
सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाचेटू

आता त्या एररबद्दल थोडं, कारण ती दर वेळी नवा शब्द घेऊन पुन्हा भेटणार आहे. 'इनव्हॅलिड कमांड' वाचून आपण स्पेलिंग तपासत बसतो. खरी गोष्ट त्याच ओळीच्या शेपटात असते: हा शब्द कदाचित सर्व्हरमध्ये नसलेल्या मॉड्यूलचा, म्हणजे वेगळ्या जोडभागाचा, असेल. अपाचेच्या गाभ्याला स्वतःचे शब्द थोडेच येतात. 'रीराइटइंजिन' हा मॉड-रीराइटचा शब्द, 'एसएसएलइंजिन' मॉड-एसएसएलचा, 'प्रॉक्सीपास' मॉड-प्रॉक्सीचा. मॉड्यूल आत येताना आपले शब्द सोबत आणतं. ते आलंच नसेल तर तुम्ही कितीही शुद्ध लिहा, अपाचेला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तुमच्या ओळखीच्यांचा सल्ला खोटा नाही, शिळा आहे. सुरुवातीला मॉड्यूल हवं असेल तर अख्खा सर्व्हरच पुन्हा बांधावा लागायचा. १९९८ मध्ये अपाचे १.३ आलं आणि त्यासोबत मॉड-एसओ आलं. हे मॉड्यूल इतर मॉड्यूलना सर्व्हर सुरू होताना बाहेरच्या डॉट-एसओ फाइलमधून उचलून आत घेतं. अर्थात ते स्वतः आधीपासून आत बांधलेलं असावं लागतं. दार उघडणारा घरातच हवा.

'लोडमॉड्यूल' या ओळीत म्हणूनच दोन गोष्टी असतात: मॉड्यूलचं आतलं नाव आणि फाइलचा पत्ता. एटूएनमॉड फार काही करत नाही. ही ओळ असलेली छोटी फाइल 'मॉड्स-अव्हेलेबल' फोल्डरमध्ये आधीच पडलेली असते, तिची सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा) 'मॉड्स-एनेबल्ड'मध्ये टाकली की झालं. ही आज्ञा डेबियनच्या घराण्यातली आहे, उबुंटू त्यातलंच. फेडोरा किंवा रॉकीवर शोधत बसू नका, तिथे 'लोडमॉड्यूल'च्या ओळी 'कॉन्फ.मॉड्यूल्स.डी' फोल्डरमध्ये मिळतील.

काय काय लोड झालंय ते 'अपाचेटूसीटीएल' या आज्ञेला डॅश आणि मोठा 'एम' लावून बघा. प्रत्येक नावापुढे 'स्टॅटिक' म्हणजे आत बांधलेलं किंवा 'शेअर्ड' म्हणजे बाहेरून आणलेलं, असं दिसतं.

बाहेरून मिळालेली डॉट-एसओ फाइल मात्र जपून वापरा. एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर २.२ वरून २.४ वर नेताना मी जुनी मॉड्यूल फाइल तशीच उचलून नेली. अपाचे म्हणालं, मॉड्यूलची रचना 'गार्बल्ड' आहे, सही ४१५०३२३४ हवी होती, दिसली ४१५०३२३२. फाइल कॉपी होताना बिघडली असं समजून मी ती तीनदा पुन्हा कॉपी केली! मग कुठे लक्षात आलं की ते आकडे म्हणजे अक्षरांचे कोड आहेत: ४१ म्हणजे ए, ५० म्हणजे पी, ३२ म्हणजे २, ३४ म्हणजे ४. त्याला 'एपी२४' हवं होतं आणि मी 'एपी२२' देत होतो. फाइल धडधाकट होती, पिढी चुकली होती. त्या मॉड्यूलचा सोर्स हाताशी होता म्हणून निभावलं: 'अपाचेटू-डेव्ह' पॅकेज टाकून 'एपीएक्सएस' या मॉड्यूल बांधायच्या साधनाने तेवढं एकच मॉड्यूल नव्याने बांधलं, सर्व्हरला हात लावला नाही. कंपाइल करायची वेळ आलीच तर ती एवढीच असते.

अजून एक. नेटवर कुणीतरी सांगेल की ओळी 'इफमॉड्यूल'मध्ये (मॉड्यूल असेल तरच वाच, अशी अट) गुंडाळा, एरर जाईल. जाईल खरी, पण मॉड्यूल नसेल तर अपाचे त्या ओळी मुकाट्याने सोडून देईल आणि तुम्ही नियमांत चूक शोधत बसाल. वर्डप्रेसची एचटीअ‍ॅक्सेस फाइल (एका फोल्डरपुरत्या सेटिंग्जची) अशीच गुंडाळलेली असते, त्यामुळे रीराइट बंद असलं की मुखपृष्ठ उघडतं आणि सुटसुटीत पत्त्यांची बाकी पानं ४०४ देतात. स्वतःच्या सर्व्हरवर मी 'इफमॉड्यूल' वापरत नाही. सुरूच न होणारा सर्व्हर मला परवडतो, निदान कारण तरी सांगतो.

पुढे कधी हेच नियम एचटीअ‍ॅक्सेसमध्ये हलवलेत आणि मॉड्यूल लोड असूनही काही घडलं नाही, तर त्या फोल्डरचं 'अलाउओव्हरराइड' बघा, त्या फाइलला काय काय बदलू द्यायचं ते ही ओळ ठरवते. २.४ मध्ये ते मुळात 'नन' असतं, म्हणजे अपाचे ती फाइल उघडतच नाही. रीराइटपुरतं 'फाइलइन्फो' पुरतं, 'ऑल' द्यायची गरज नाही.