एफएल स्टुडिओ सोडून रीपरवर जावं का? जुन्या प्रोजेक्टचं काय करायचं?

एफएल स्टुडिओ (थोडक्यात एफएल) आणि रीपर ही दोन्ही संगणकावर संगीत करायची सॉफ्टवेअरं. तुम्ही लिहिलंय, इतकी वर्षं एफएलवर बीट्स (गाण्याखालचं ताल-संगीत) केले, आता गायक आणि पेटी-तबला रेकॉर्ड करताना अडखळायला होतं. मग रीपर बिनधास्त घ्या. नुसत्या बीट्ससाठी विचारलं असतंत तर 'कशाला उगाच?' म्हटलं असतं, कारण एफएलच्या पियानो रोलची (स्वर माउसने मांडायच्या पट्टीची) सर रीपरच्या तशाच मिडी एडिटरला नाही.

मीही भजनं रेकॉर्ड करायला लागल्यावरच इकडे आलो. एका अंतऱ्याचे ढीगभर टेक (पुन्हापुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंगं) होतात. रीपर 7 मध्ये ते एकाखाली एक लेनमध्ये (आडव्या पट्ट्यांत) दिसतात. पहिली ओळ या टेकमधली, दुसऱ्या ओळीतली हरकत त्या टेकमधली, असं माउसने ओढत निवडायचं. गायक चहा पिऊन येईपर्यंत अंतरा जुळलेला असतो.

एफएलची प्रोजेक्ट फाइल मात्र रीपर उघडत नाही. त्यामुळे अर्धवट गाणी तिकडेच संपवा. ज्यांवर आवाज घ्यायचाय तेवढ्यांचेच ट्रॅक बाहेर काढा: एक्स्पोर्टमध्ये वेव्ह (WAV) फाइल, 24 बिट, 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स'वर टिक. त्याआधी प्रत्येक वाद्य मिक्सरमध्ये वेगळ्या ट्रॅकवर आहे ना ते बघा, नाहीतर ढोलकी आणि बेस एकाच फाइलीत येतात, मग बसा निस्तरत. 'लीव्ह रिमेंडर' निवडा, म्हणजे शेवटचा रिव्हर्ब (घुमारा) मध्येच तुटत नाही. मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवरचा) लिमिटर, म्हणजे आवाजाची कमाल पातळी रोखणारा इफेक्ट, बंद.

रीपरमध्ये आधी तोच टेम्पो टाका, मग सगळ्या फाइली शून्यावर वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. प्रोजेक्ट सेटिंग्जमधला टाइमबेस (रेकॉर्डिंग वेळेला बांधायचं की तालाच्या मात्रांना, ते ठरवणारा पर्याय) 'टाइम' करा. तो 'बीट्स'वर, म्हणजे मात्रांवर, राहिला आणि नंतर टेम्पो बदललात, तर गायकाचा आवाजही ताणला जातो. लय मोकळी सोडून गायलेल्या आलापाचं तर पार वाटोळं होतं.

एफएलमधल्या सायट्रस, हार्मर या सिंथ-वाद्यांची सवय असेल तर विंडोजवर एफएल स्वतःच प्लगइन (दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारं जोड-सॉफ्टवेअर) म्हणून रीपरमध्ये उघडता येतं. रीपरची स्वतःची वाद्यं नावालाच आहेत, पण त्याचे रीइक्यू (इक्वलायझर) आणि रीकॉम्प (कॉम्प्रेसर) हे इफेक्ट उत्तम. दिसायला सगळं सरकारी अर्जासारखं रुक्ष. थीम बदलून घ्या.

पैशांचं म्हणाल तर 60 दिवस पूर्ण रीपर फुकट वापरता येतं. नंतर घरगुती किंवा छोट्या कामासाठी लायसन्स 60 डॉलर. एफएलचे अपडेट आयुष्यभर फुकट असतात, तेव्हा ते काढून टाकू नका. ढोलकीचे लूप मी अजून तिथेच बांधतो.