ब्रिटनमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) मोफत आहे, मग म्हातारपणी केअर होमसाठी लोकांना घर का विकावं लागतं?

कारण एनएचएस आजारपण सांभाळते, म्हातारपण नाही. मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डवर नर्स आहे, त्यामुळे हे रोज बघते. एका खाटेवरच्या आजोबांना कॅन्सर: ऑपरेशन, केमो, सगळं मोफत. शेजारच्या आजींना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). त्यांना औषधापेक्षा जास्त गरज असते ती कुणी अंघोळ घालण्याची, भरवण्याची, रात्री उठून बाहेर निघाल्या तर हात धरून परत आणण्याची. याला इथे उपचार म्हणत नाहीत, 'केअर' म्हणतात, आणि केअरची जबाबदारी काउन्सिलकडे (म्हणजे स्थानिक पालिकेकडे), तीही ऐपत बघून.

ही वाटणी १९४८ सालची. एनएचएस सुरू झाली त्याच वेळी वृद्धांची निवासी सोय वेगळ्या कायद्याने काउन्सिलांच्या गळ्यात पडली.

आता हिशोब. इंग्लंडमध्ये तुमच्याकडे २३,२५० पौंडांपेक्षा जास्त ऐवज असेल तर सगळा खर्च तुमचा. हा आकडा २०१० पासून तिथेच आहे. महागाई कुठल्या कुठे गेली. केअर होमला आठवड्याला हजार पौंड सहज लागतात. नवरा किंवा बायको घरात राहत असेल तर घर हिशोबात धरत नाहीत, घरीच मदतनीस येत असेल तरी नाही. पण एकटी बाई कायमची होममध्ये गेली की घर धरलंच. लगेच विकावं लागतं असंही नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवावा तशी काउन्सिल घरावर आपली रक्कम चढवते आणि पुढे घर विकून वसूल करते. (स्कॉटलंडमध्ये २००२ पासून अंघोळ-भरवण्याची सेवा मोफत आहे, पण होममधल्या राहण्याजेवण्याचे पैसे तिथेही ऐपतीप्रमाणे भरावे लागतात.)

हे कुणाला दिसत नाही असं नाही. २०११ मध्ये सरकारने नेमलेल्या अँड्र्यू डिलनॉट यांच्या समितीने सुचवलं की माणसाने आयुष्यभरात केअरवर ३५,००० पौंड भरावेत, पुढचं सरकारने बघावं. २०१४ मध्ये कायदाही झाला. मर्यादा ठरली होती ७२,०००, पण ती गेली लांबणीवर. २०१७ च्या निवडणुकीत तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी या विषयाला हात घातला, विरोधकांनी त्याला 'डिमेन्शिया टॅक्स' म्हटलं, आणि चार दिवसांत बाईंना माघार घ्यावी लागली. पुढचे एक पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ८६,००० ची मर्यादा जाहीर केली, तीही पुढे ढकलली गेली आणि २०२४ मध्ये लेबर सरकारने योजनाच गुंडाळली. आता याच प्रश्नावर सरकारने नेमलेला लुईस केसी यांचा आयोग बसलाय. अंतिम अहवाल २०२८ पर्यंत! आमच्या वॉर्डवरच्या किती जणांना तो बघायला मिळेल, तुम्हीच सांगा.

केअर देणाऱ्या माणसांच्या बाबतीतही तीच गत. २०२२ मध्ये केअररना बाहेरून व्हिसावर बोलावलं, जुलै २०२५ मध्ये दार बंद. पगार इतका तुटपुंजा की इथली मुलं सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणं पसंत करतात. मग आजी 'मेडिकली फिट' होऊनही, घरी मदतनीस मिळत नाही म्हणून खाट अडवून बसतात, आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरं कुणीतरी ट्रॉलीवर तासन् तास पडून राहतं.

तुमचं कुणी इथे असेल तर एक करा: घर विकायला काढण्याआधी 'कंटिन्युइंग हेल्थकेअर'ची तपासणी मागून घ्या. गरज मुख्यतः वैद्यकीय ठरली तर होमचा पूर्ण खर्च एनएचएस देते. डिमेन्शियात बहुतेकदा नकार येतो, पण अपील करता येतं. आणि कोण किती वेळा उठतं, पडतं, खायला नाही म्हणतं, याची तारीखवार वही ठेवा.