टेम्प्लेट बदललं, पण चालू एलपार तसाच राहिला: टेम्प्लेट कुठे लागू होतं आणि अ‍ॅडाप्टर का पुसायचा नाही

तुमची पोस्ट वाचली. महापेच्या डेटा सेंटरमधल्या आयबीएम पॉवर सर्व्हरसाठी एचएमसीमध्ये (हे सर्व्हर सांभाळणारा कन्सोल) पार्टिशन टेम्प्लेट (नवा एलपार, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र चालणारा भाग, बनवायचा साचा) एडिट केलं, मॅक्झिमम मेमरी 64 जीबीवरून 128 केली, सेव्ह झालं, एररही आली नाही. तरी जुना एलपार 64 च्या वर जात नाही, आणि त्याच टेम्प्लेटवरून केलेल्या नव्या एलपारला सॅनची (सामायिक स्टोरेज नेटवर्कची) एकही डिस्क दिसत नाही. त्यात सपोर्टवाल्यांनी सल्ला दिलाय की एलपारला सॅनशी जोडणारा व्हर्च्युअल फायबर चॅनल अ‍ॅडाप्टर डिलीट करून पुन्हा बनवा. आमच्याकडेही हाच गोंधळ झालेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी एक विनंती: हे वाचून होईपर्यंत जुन्या एलपारचा अ‍ॅडाप्टर डिलीट करू नका.

लॉगिन, एचएमसीची ओळख वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच. मी एन्हान्स्ड इंटरफेसबद्दल बोलतोय. एचएमसी व्ही 9 पासून जुना क्लासिक इंटरफेस राहिलेला नाही, त्यामुळे नेटवर सापडणारे जुने स्क्रीनशॉट बघून मेनू शोधत बसू नका. आवृत्तीनुसार नावं थोडी इकडची तिकडे असतील.

पहिला प्रश्न. टेम्प्लेट वापरलं जातं ते फक्त डिप्लॉय करताना, म्हणजे त्यावरून नवा एलपार बनवताना. एलपार एकदा तयार झाला की त्याचा आणि टेम्प्लेटचा संबंध संपतो. पेणच्या कारखान्यात साचा घासला म्हणून आधी बाहेर पडलेल्या मूर्तीची सोंड बदलत नाही, तसंच हे. तुम्ही केलेला बदल बरोबर सेव्ह झालेला आहे, पण तो पुढच्या एलपारसाठी आहे. जुन्या एलपारची मेमरी त्या एलपारच्याच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बदलावी लागेल.

आणि मॅक्झिमम हा आकडा एलपार चालू असताना बदलता येत नाही. डीएलपारने (चालू एलपारला मेमरी वगैरे कमीजास्त करण्याची सोय) डिझायर्ड, म्हणजे प्रत्यक्ष हवी असलेली मेमरी, वरखाली करता येतं, तेही मिनिमम आणि मॅक्झिममच्या मध्येच. म्हणून डाउनटाइम घ्या, ओएस शटडाउन करा, एचएमसीवर स्टेटस 'नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसेपर्यंत थांबा, मग मॅक्झिमम 128 करा, सेव्ह करा आणि अ‍ॅक्टिव्हेट करा. ओएसमधून नुसता रीबूट मारला तर काहीही होत नाही, कारण रीबूटमध्ये हायपरव्हायझर (एलपारना मेमरी-प्रोसेसर वाटून देणारा सर्व्हरचा थर) नवी व्याख्या वाचतच नाही. अर्धे लोक इथेच अडकतात आणि 'बग आहे' म्हणून केस लावतात. दुसरी गंमत अशी की अ‍ॅक्टिव्हेट करताना 'करंट कॉन्फिगरेशन' (सध्याची मांडणी) आणि 'प्रोफाईल' (आधी सेव्ह करून ठेवलेली मांडणी) असे दोन पर्याय येतात. करंट कॉन्फिगरेशनमध्ये 128 केलंत आणि सवयीने जुनी प्रोफाईल निवडलीत, तर पुन्हा 64 वर याल. म्हणून त्या एलपारचं 'सेव्ह कॉन्फिगरेशन चेंजेस टू प्रोफाईल' हे सेटिंग एनेबल्ड आहे का, ते आधीच बघून ठेवा. माझ्या मते प्रॉडक्शनमधल्या प्रत्येक एलपारवर ते चालूच असायला हवं. बंद ठेवण्याचं पटण्यासारखं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मॅक्झिमम वाढवताना 'राहू दे जास्तच, पुन्हा डाउनटाइम नको' म्हणून 1 टीबी टाकू नका. हायपरव्हायझर प्रत्येक एलपारसाठी पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) राखून ठेवतो आणि त्याचा आकार मॅक्झिममवरून ठरतो, तुम्ही वापरता त्या मेमरीवरून नाही. प्रमाण सर्व्हरवर आणि ओएसवर अवलंबून साधारण 1/64 किंवा 1/128 असतं. म्हणजे मॅक्झिमम 1 टीबी ठेवलं, तर एलपार 64 जीबीवर चालत असला तरी 8 ते 16 जीबी नुसती टेबलात जाते. हा आकडा टेम्प्लेटमध्येच बसला तर त्यावरून बनणारा प्रत्येक एलपार तेवढी मेमरी गिळतो, आणि सहा महिन्यांनी 'मेमरी विकत घेतली होती ती गेली कुठे' अशी विचारणा होते. डिझायर्डच्या दुप्पट मॅक्झिमम, बहुतेक कामांना एवढं पुरतं. तुमचे 128 ठीक आहेत.

आता अ‍ॅडाप्टर. सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते, म्हणून इथे जास्त लिहितो.

व्हर्च्युअल फायबर चॅनलच्या प्रत्येक क्लायंट अ‍ॅडाप्टरला एचएमसी दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे सॅनवरचे ओळख नंबर, देतो. सोळा अंकी हेक्स नंबर, सुरुवात सी 0507 60 अशी. एका वेळी त्यातला एक वापरात असतो. दुसरा लाइव्ह पार्टिशन मोबिलिटीसाठी, म्हणजे चालू एलपार एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना लागतो. स्टोरेज टीमने स्विचवर केलेलं झोनिंग (कोणी कोणाशी बोलायचं याची परवानगी) आणि स्टोरेजवरचं लनचं (वाटून दिलेल्या डिस्कचं) मॅपिंग, दोन्ही याच नंबरांवर उभं असतं.

अ‍ॅडाप्टर डिलीट केला की ती जोडी गेली. तोच स्लॉट, तोच व्हीआयओएस (प्रत्यक्ष कार्डं बाकीच्या एलपारना वाटून देणारा खास एलपार), तेच मॅपिंग ठेवून पुन्हा बनवला तरी एचएमसी नवीन जोडी देतो, जुने नंबर परत वापरत नाही. मग ओएसला रूटव्हीजीची (ओएस जिच्यावर असते ती) डिस्कच दिसत नाही, एलपार बूट होत नाही, आणि रात्रीच्या विंडोत स्टोरेजवाल्याला झोपेतून उठवून नवं झोनिंग करून घ्यावं लागतं. 'डिलीट करून पुन्हा बनवा' हा सल्ला इथर्नेट अ‍ॅडाप्टरला चालून जातो, इथे नाही. हा सल्ला देणारं सपोर्ट डेस्क मी चांगलं ओळखतो. नाव घेत नाही. तिकिटाला चार तासांत उत्तर गेलं की त्यांचं काम झालं, उत्तराने एलपार उभा राहतो की झोपतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आमच्या केसमध्ये एकाच वाक्याचं उत्तर वेगवेगळ्या माणसांकडून आलं, लॉग एकानेही उघडला नव्हता. वार्षिक करारात एवढे पैसे मोजून हे ऐकावं लागतं याचा मला मनापासून राग येतो. तुम्ही केस वरच्या लेव्हलला न्या आणि 'लॉग बघितल्याशिवाय डिलीट करणार नाही' असं लेखी कळवा.

याच चुकीचं एक लपलेलं रूप आहे. चालू एलपारला डीएलपारने अ‍ॅडाप्टर लावला, नंतर 'प्रोफाईलमध्येही हवा' म्हणून प्रोफाईल एडिट करून हाताने तसाच अ‍ॅडाप्टर टाकला. दिसायला दोन्ही सारखे, पण नंबरांच्या जोड्या वेगळ्या. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं. मग मेंटेनन्ससाठी एलपार बंद करून प्रोफाईलने अ‍ॅक्टिव्हेट केला की डिस्क गायब. तोवर तो बदल कोणी केला हे कोणाला आठवत नसतं. योग्य रीत अशी: डीएलपारने अ‍ॅडाप्टर लावा आणि मग करंट कॉन्फिगरेशन प्रोफाईलमध्ये सेव्ह करा. हाताने दुसऱ्यांदा काही टाकायचं नाही.

कोणी आधीच डिलीट केलं असेल तर एक वाट उरते. जुने दोन्ही नंबर कुठे लिहिलेले असतील (झोनिंगच्या शीटमध्ये, स्विचच्या बॅकअपमध्ये सापडतात), तर एचएमसीच्या कमांड लाइनवरून अ‍ॅडाप्टर बनवताना ते नंबर स्वतः देता येतात. स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांची वाक्यरचना किचकट आहे, पहिल्यांदा करणार असाल तर टेस्ट एलपारवर करून बघा. दोन एलपारना एकच नंबर मात्र चुकूनही देऊ नका.

आता नवीन एलपार. टेम्प्लेटवरून डिप्लॉय केला की त्याला नवे नंबर मिळणारच, मूळ एलपारचे येत नाहीत आणि येऊही नयेत. त्यामुळे झोनिंग नव्याने करावं लागणार. इथे दोन टीमची वादावादी ठरलेली असते. स्टोरेजवाला म्हणतो, 'तुमचा नंबर स्विचवर दिसत नाही, झोन कसा करू?' तुम्ही म्हणता, 'झोन केल्याशिवाय एलपार बूट कसा करू?' दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एलपार चालू होऊन अ‍ॅडाप्टर उघडेपर्यंत तो नंबर फॅब्रिकमध्ये (सॅन स्विचच्या जाळ्यात) लॉगिनच करत नाही. यावर एचएमसीमध्येच उपाय आहे: सीएचएनपोर्टलॉगिन ही कमांड. एलपार बंद असतानाही ती त्याचे नंबर स्विचवर लॉगिन करवते, आणि एलएसएनपोर्टलॉगिनने झालं की नाही ते दिसतं. स्टोरेजवाल्याला नंबर दिसले, झोन आणि मॅपिंग झालं, की लॉगआउट करा आणि मग अ‍ॅक्टिव्हेट करा. या पद्धतीने दोन्ही नंबर एकदम दिसतात हा मोठा फायदा. एसएमएस मेनूत (ओएसच्या आधी येणाऱ्या बूट मेनूत) बूट करून दाखवण्याची जुनी युक्ती आहे, पण तिच्यात दुसरा नंबर दिसत नाही, तो झोनमधून राहतो आणि वर्षभराने मोबिलिटीचं व्हॅलिडेशन फेल होतं.

लॉगिन झालंच नाही तर व्हीआयओएसवर जाऊन एलएसमॅप ही कमांड एनपीआयव्ही (एका फिजिकल पोर्टवर अनेक आभासी नंबर चालवण्याची सोय) पर्यायासह चालवा. फिजिकल पोर्टचं नाव रिकामं असेल तर मॅपिंगच झालेलं नाही. मग एलएसएनपोर्ट्स कमांडचं आउटपुट बघा. तिथे फॅब्रिकच्या रकान्यात 0 असेल तर स्विचच्या त्या पोर्टवर एनपीआयव्ही बंद आहे किंवा केबलच लागलेली नाही, आणि एचएमसीवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. त्याच आउटपुटमध्ये किती नंबर शिल्लक आहेत तेही दिसतं. जुन्या कार्डांवर एका पोर्टमागे 64 ची मर्यादा असते.

डिप्लॉय करताना मॅपिंग अर्धवट राहण्याचं नेहमीचं कारण आरएमसी, म्हणजे एचएमसीची संपर्क यंत्रणा. एचएमसी आणि व्हीआयओएसमध्ये 657 पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, दोन्ही दिशांनी उघडा लागतो. फायरवॉलवाले टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात. एचएमसीवर एलएसपार्टिशन डीएलपार पर्यायासह चालवून 'अ‍ॅक्टिव्ह'समोर 1 आहे का बघा. नसेल तर आधी तेवढंच सोडवा.

टेम्प्लेटबद्दल उरलेलं थोडक्यात. आयबीएमने दिलेली तयार टेम्प्लेट्स एडिट होत नाहीत, कॉपी करून कॉपीवर काम करायचं. तुमचा एडिट पर्याय कधी धूसर दिसला तर आधी हे आणि मग तुमच्या युजरचा रोल तपासा. चालू मांडणीवरून टेम्प्लेट कॅप्चर करताना 'विथ फिजिकल आयओ' (प्रत्यक्ष कार्डांसह) आणि 'विदाउट' असं विचारतो. एकाच सर्व्हरवर तसाच एलपार पुन्हा उभा करायचा असेल तरच 'विथ' घ्या. वागळे इस्टेटच्या दुसऱ्या साइटवरच्या सर्व्हरवर डिप्लॉय करायचं असेल तर तिथे त्याच जागी तेच कार्ड नसणार आणि काम अडणार. नेटवर्कसाठीही तेच, नाव टेम्प्लेटमध्ये पक्कं करण्यापेक्षा डिप्लॉयच्या वेळी निवडायचं ठेवा.

प्रोसेसरच्या पानावर फक्त दोन गोष्टी बघा. पॉवर 7 प्लसपासून एका व्हर्च्युअल प्रोसेसरला किमान 0.05 युनिट लागतं, म्हणजे 0.5 एंटायटलमेंटला (प्रोसेसरच्या हमखास मिळणाऱ्या वाट्याला) जास्तीत जास्त 10 व्हर्च्युअल प्रोसेसर. चालतात म्हणून 10 देऊ नका, अनकॅप्डमध्ये (वाट्याच्या वर मोकळा प्रोसेसर घेता येतो तेव्हा) लायसन्स बहुतेकदा व्हर्च्युअल प्रोसेसरवर मोजलं जातं. हे मात्र तुमच्या लायसन्स टीमकडून लेखी घ्या, माझ्या भरवशावर राहू नका. अनकॅप्ड वेट 0 ते 255 असतं आणि डीफॉल्ट 128. टेस्टच्या टेम्प्लेटमध्ये ते उतरवून ठेवा, नाहीतर महिनाअखेरीला टेस्ट एलपार प्रॉडक्शनच्या बरोबरीने प्रोसेसर ओढतो. आणि पॉवर 10 वरून पॉवर 9 वर एलपार न्यायची शक्यता असेल तर कंपॅटिबिलिटी मोड (एलपार कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसारखा चालेल ते) 'डीफॉल्ट' न ठेवता पॉवर 9 करा.

एडिटच्या आधी टेम्प्लेट एक्सपोर्ट करून ठेवा. महापे-रबाळेकडच्या बहुतेक डेटा सेंटरमध्ये गेटवरच पेन ड्राइव्ह काढून घेतात, तेव्हा हे काम ऑफिसमधून व्हीपीएनवर ब्राउझरमध्येच उरका. सोबत सगळ्या एलपारच्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनच्या जोड्या काढून स्टोरेज टीमच्या शीटशी ताडून बघा, विशेषतः दुसरा नंबर.

हे सगळं एआयएक्स (आयबीएमची युनिक्स ओएस) आणि लिनक्स धरून लिहिलंय. आयबीएम आय या त्यांच्या दुसऱ्या ओएसवर काही बाबी वेगळ्या आहेत, तिथे त्यातल्या जाणकाराला विचारा. नव्या एलपारचं अजून अडलं तर एलएसमॅप आणि एलएसएनपोर्टलॉगिनचं आउटपुट इथे टाका, फक्त नंबरांचे शेवटचे चार अंक झाका.