वाचकांचे प्रश्न : रोमन कायदा, फोरममधल्या दाव्यापासून गोव्याच्या निम्म्या हिश्शापर्यंत

बारा फलकांवर कायदा लिहून झाला होता, तर रोमन लोकांनी पुढची हजार वर्षं नक्की काय केलं? (सांगली)

इ.स.पू. ४५१-४५० मध्ये तयार झालेल्या बारा फलकांत सगळा कायदा नव्हताच. त्यांचा बराच भाग तंटा चालवायचा कसा, याच्यावर खर्ची पडला आहे. निकाल लागल्यावर कर्ज फेडायला ३० दिवस. ते उलटले की धनको ऋणकोला धरून नेणार आणि ६० दिवस बेडीत ठेवणार. कैदी घरचं खात नसेल तर रोज किमान एक पौंड पीठ द्यायचं. या मुदतीत तीन लागोपाठच्या बाजारांना त्याला अधिकाऱ्यापुढे उभं करून कर्जाचा आकडा जाहीर पुकारायचा, म्हणजे कोणाला सोडवायचं असेल तर सोडवावं.

खरी अडचण शब्दांची होती. दावा ठरावीक वाक्यांत, तोंडी, चूक न करता मांडावा लागे. दुसऱ्या शतकातला विधिज्ञ गायस एक उदाहरण देतो : एकाच्या द्राक्षवेली कोणी तोडल्या, त्याने दाव्यात ‘वेली’ असं म्हटलं आणि तो हरला. बारा फलकांत शब्द ‘झाडं’ होता, त्यामुळे दावा झाडांचाच लावायला हवा होता. शिवाय दोन्ही पक्षांना पणाची रक्कम लावावी लागे : वादाची किंमत १,००० आस (रोमन नाणी) किंवा जास्त असेल तर ५००, कमी असेल तर ५०. हरणाऱ्याची रक्कम सरकारजमा.

मार्ग काढला तो प्रेटर नावाच्या अधिकाऱ्याने. हे पद इ.स.पू. ३६७ मध्ये आलं आणि परदेशी लोकांच्या तंट्यांसाठी दुसरा प्रेटर सुमारे इ.स.पू. २४२ मध्ये. प्रेटर कायदा करत नसे. वर्षाच्या सुरुवातीला तो जाहीरनामा लावी : अमुक परिस्थितीत मी दावा दाखल करून घेईन, अमुक ठिकाणी प्रतिवादीचा बचाव ऐकेन. पुढचा प्रेटर तोच जाहीरनामा थोडी भर घालून पुन्हा लावी. हक्क आधी आणि दावा नंतर अशी आपली सवय आहे. तिथे दाव्याची सोय झाली की हक्क जन्माला येई, आणि रोमन कायद्याची वाढ समजायला हीच किल्ली पुरते. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इ.स. १३० च्या सुमारास, विधिज्ञ जुलियानसने जाहीरनाम्याचा मसुदा कायमचा पक्का केला आणि प्रेटरची ही निर्मिती थांबली.

तक्रार ऐकून प्रेटर न्यायाधीशासाठी एक छोटा लेखी मसुदा करून देई. त्याचा सांगाडा असा : ‘तितियस न्यायाधीश असावा. नेगिदियस हा अगेरियसला १०,००० सेस्टर्स देणं लागतो असं दिसलं, तर न्यायाधीशा, त्याच्यावर तेवढ्या रकमेचा हुकूम कर. न दिसल्यास त्याला सोड.’ नावं आपल्या अमुक-तमुकसारखी. बचाव असेल तर मध्ये एक वाक्य वाढे : ‘या व्यवहारात वादीने लबाडी केलेली नसेल तर’. ते वाक्य घालून घ्यायला प्रतिवादी विसरला तर अनेक प्रकारच्या दाव्यांत न्यायाधीशाला त्या लबाडीकडे बघताच येत नसे.

सगळ्यात महाग पडणारी चूक जास्त मागण्याची. येणं १०,००० आणि मसुद्यात ११,००० लिहिलं, की वादी पूर्ण रक्कम गमावी, आणि त्याच येण्यावर दुसरा दावा लावता येत नसे. मुदतीआधी मागणं किंवा ठरलेलं ठिकाण सोडून दुसरीकडे मागणं, हेही ‘जास्त मागणं’च. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये ‘रेस ज्युडिकाटा’ आहे. एकदा लढून झालेला वाद पुन्हा उकरायचा नाही, या कल्पनेचं मूळ इथपर्यंत जातं.

डायजेस्टचा संदर्भ ९.२.११ असा देतात. तो शोधायचा कसा, आणि वाचताना काय सांभाळायचं? (कायद्याची विद्यार्थिनी, नागपूर)

डायजेस्ट म्हणजे रोमन विधिज्ञांच्या ग्रंथांतले निवडक उतारे एकत्र केलेला सहाव्या शतकातला संग्रह. पहिला आकडा पुस्तकाचा (एकूण ५०), दुसरा त्यातल्या शीर्षकाचा, तिसरा उताऱ्याचा. चौथा आकडा असेल तर तो परिच्छेदाचा, आणि नवखे इथेच फसतात : उताऱ्याच्या पहिल्या परिच्छेदाला आकडा नसतो, त्याला ‘प्रारंभ’ म्हणतात. म्हणजे परिच्छेद १ हा प्रत्यक्षात दुसरा.

तुम्ही दिलेलाच संदर्भ उघडा. ९.२ म्हणजे लेक्स अक्विलिया, नुकसानभरपाईचा कायदा. उतारा ११ च्या प्रारंभी प्रश्न असा : काही जण चेंडू खेळत आहेत, जवळच न्हावी एका गुलामाची दाढी करतो आहे. चेंडू जोरात येऊन न्हाव्याच्या हातावर आदळतो आणि वस्तऱ्याने गुलामाचा गळा कापला जातो. जबाबदार कोण? एक मत : ज्याचा दोष असेल तो. विधिज्ञ प्रोक्युलसचं मत : न्हावी, कारण जिथे लोक नेहमी खेळतात किंवा वर्दळ असते तिथे त्याने खुर्ची मांडली. पण लगेच तिसरी बाजूही येते, की धोक्याच्या जागी बसलेल्या न्हाव्यापुढे जो स्वतः मान पुढे करतो, त्याने स्वतःलाच दोष द्यावा. उत्तर एका ओळीत मिळत नाही, आणि विधिज्ञांची कामाची पद्धतच ही होती. याच शीर्षकाच्या ३१ व्या उताऱ्यात झाड छाटणारा येतो : खाली रस्ता असेल तर फांदी पाडण्याआधी त्याने ओरडून सांगायलाच हवं.

आता सांभाळायचं ते. सम्राट जस्टिनियनने १५ डिसेंबर ५३० रोजी हा संग्रह करायचं काम सोपवलं आणि डायजेस्ट १६ डिसेंबर ५३३ रोजी जाहीर झालं. समितीचा प्रमुख ट्रिबोनियन धरून १७ जणांनी सुमारे २,००० ग्रंथ चाळले. त्यांच्याच हिशेबाने ३० लाख ओळींच्या दीड लाख झाल्या. तीनच वर्षांत हे जमलं कसं, याचं पटणारं उत्तर फ्रीडरिश ब्लूमने १८२० मध्ये दिलं : प्रत्येक शीर्षकात उतारे ठरावीक गटांनी येतात, त्यावरून समितीने पोटसमित्या करून ग्रंथ वाटून घेतले असणार. कापाकापीसोबत त्यांना मजकूर बदलण्याचीही मुभा होती. म्हणून उताऱ्यावर नाव विधिज्ञ उल्पियनचं, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभीचं असलं, तरी वाक्य सहाव्या शतकात हात फिरवलेलं असू शकतं. जमीन, गुलाम, बैल अशा वस्तूंची मालकी पूर्वी पाच साक्षीदार आणि तराजू धरणारा माणूस यांच्यासमोर बदले. तो विधी डायजेस्टमधून जवळजवळ पुसला गेला आहे. विधी पाहायचा असेल तर गायस वाचा. त्याची जवळपास पूर्ण प्रत १८१६ मध्ये व्हेरोना इथे सापडली. चर्मपत्रावरचा मूळ मजकूर खरवडून वर संत जेरोमची पत्रं लिहिलेली होती.

‘खरेदीदारा, सावध राहा’ हे तत्त्व रोमनच ना? (नाशिक)

नाही. वाक्य लॅटिन, पण ते रुळलं इंग्लंडमध्ये. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या एडाइल अधिकाऱ्यांचा नियम उलटा होता : गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याने रोग, खोड, पळून जायची सवय आधीच सांगायची. नाही सांगितलं तर माल परत करायला सहा महिने, किंमत कमी करून मागायला एक वर्ष. विकणाऱ्याला खोट माहीत नव्हती, ही सबबही चालत नसे. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेतली छुप्या दोषांची हमी याच वाटेने आली. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ मात्र इंग्रजी वळणाने सुरू होतं आणि मग अपवाद सांगतं.

कॉन्स्टँटिनोपलमधलं पुस्तक जर्मनी-फ्रान्सपर्यंत पोचलं कसं, आणि इंग्लंड बाहेर का राहिलं? (पुणे)

पश्चिमेत डायजेस्ट शतकानुशतकं जवळजवळ कोणी वाचत नव्हतं. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्यात इर्नेरियस नावाच्या शिक्षकाने ते शिकवायला घेतलं, समासात टिपा लिहिण्याची परंपरा सुरू झाली, आणि तेराव्या शतकात अकर्सियसने अशा सुमारे ९६,००० टिपा एकत्र केल्या. शिकून गेलेले विद्यार्थी आपापल्या राजांचे सल्लागार झाले. १४९५ मध्ये जर्मन साम्राज्याचं वरिष्ठ न्यायालय स्थापन झालं तेव्हा निम्मे न्यायाधीश कायद्याचे पदवीधर असावेत असं ठरलं, आणि पदवी म्हणजे रोमन कायद्याचीच. जर्मनीत नागरी संहिता लागू झाली ती थेट १ जानेवारी १९०० ला. तोवर अनेक प्रदेशांत डायजेस्ट हा चालू कायदा होता. दक्षिण आफ्रिकेत डच वसाहतीमार्फत आलेल्या रोमन-डच कायद्याची संहिता झालीच नाही, त्यामुळे तिथल्या निकालपत्रांत डायजेस्ट आजही भेटतं.

इंग्लंडमध्ये बोलोन्याचे पदवीधर पोचायच्या आतच राजाची न्यायालयं आणि त्यांचा वकीलवर्ग पक्का झाला होता. गंमत म्हणजे ठरावीक दाव्यांचे नमुने आणि त्यांतून उगवणारे हक्क, ही जुनी इंग्रजी पद्धत प्रेटरच्या रोमला जास्त जवळची वाटते.

गोव्यात वडिलांना सगळी मालमत्ता मृत्युपत्राने एकाच मुलाला देता येते का? हा नियम रोमन आहे का? (मडगाव)

देता येत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे आणि तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. हिशेब असा : विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक. समजा ती ८० लाखांची आहे. वडील वारल्यावर ४० लाख आईचे स्वतःचे, त्यात वारसा नाही. उरलेल्या ४० पैकी २० लाखांपुरतंच मृत्युपत्र चालतं. बाकीचे २० लाख मुला-मुलींत सारखे. हयातीत दिलेली बक्षिसंही हिशेबात धरतात आणि राखीव हिश्श्याला धक्का लावणारं बक्षीस कमी करता येतं.

राखीव हिश्शाची कल्पना रोमन. आधी मृत्युपत्र नसतं तर मिळाला असता त्याच्या एक चतुर्थांश हिस्सा मुलाला सोडावा लागे. ५३६ मध्ये जस्टिनियनने तो वाढवला : चारपर्यंत मुलं असतील तर सगळ्यांना मिळून एक तृतीयांश, पाच किंवा जास्त असतील तर निम्मा. यात एक विचित्र प्रकार झाला. चार मुलांत प्रत्येकाला बारावा हिस्सा आणि पाच मुलांत दहावा, म्हणजे भावंड वाढलं की वाटा वाढला! पोर्तुगालमध्ये या कल्पनेत व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीचे रिवाजही मिसळले आहेत. पती-पत्नींची सामाईक मालमत्ता मात्र रोमन मुळीच नाही. रोममध्ये दोघांची मालमत्ता वेगळी, फक्त हुंड्याचे नियम तपशीलवार. तेव्हा गोव्याचा सगळाच कायदा रोमन, असं म्हणू नये.

वाटणीवर एकमत नसेल तर इन्व्हेंटरीची कार्यवाही करावी लागते : वारस आणि मालमत्तेची यादी, मूल्यांकन, मग वारसांमध्येच बोली, जास्त घेणाऱ्याने इतरांना फरकाची रक्कम देणं, वाटणीचा तक्ता आणि न्यायालयाचं शिक्कामोर्तब. घोळ बहुतेक यादीतच होतो. गोव्याबाहेरच्या घराला हा कायदा लागत नाही, असा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की व्यक्ती गोव्याची अधिवासी असेल तर भारतात इतरत्र असलेल्या तिच्या स्थावर मालमत्तेलाही हेच नियम लागतील, आणि त्या खटल्यातली मालमत्ता मुंबईतली होती. तेव्हा मुंबई-पुण्यातला फ्लॅट यादीत पहिल्या दिवशीच लिहा.