मुलीची कोथिंबीर उगवत नाहीये, तिच्या नकळत नर्सरीतली कुंडी आणून ठेवू का?

कृपा करून ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची, दोनदा धणे पेरले, काहीच आलं नाही, ती हिरमुसलीय. तर गुपचूप तयार कुंडी ठेवावी का आणि पुढे तिला कुठला पदार्थ शिकवावा. आमच्या घरी अगदी हेच घडलंय, म्हणून लिहिते.

माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. एप्रिल महिना, डोंबिवलीतली पश्चिमेची गॅलरी, दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. त्यानं स्वयंपाकघरातले धणे होते तसेच कुंडीत पेरले आणि आइसक्रीमच्या काडीवर आपलं नाव लिहून ती मधोमध रोवली. बारा दिवस तो शाळेतून आला की दप्तर न काढता आधी कुंडी बघायचा. तेव्हाच वन्सं राहायला आल्या होत्या. त्यांना त्याचा चेहरा बघवेना. तो झोपल्यावर त्यांनी कुंडीतली माती पिशवीत काढली आणि नर्सरीतली वीतभर कोथिंबीर लावून टाकली. सकाळी पोरगं नाचलं. मग विचारलं, "माझी काडी कुठंय?"

काडी केराच्या डब्यात सापडली. तो रडला नाही, आत्याला काही बोललाही नाही. पण त्या कुंडीला त्यानं एकदाही पाणी घातलं नाही, आणि जूनपर्यंत गॅलरीत फिरकला नाही.

वन्सं आजही म्हणतात, "लेकराला दोन दिवस आनंद दिला, त्यात काय बिघडलं?" बिघडलं ते हे, की त्याची मेहनत कुणाला महत्त्वाची वाटत नाही असं त्याला वाटलं. न उगवलेली कुंडी त्याची होती. उगवलेली त्याची नव्हती.

जूनमध्ये मी ती पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि त्याला म्हटलं, चल, शोधू. धणे तसेच अख्खे निघाले. एक लाटण्यानं दाबला तर दोन फाका झाल्या. एका धण्यात दोन बिया असतात. हलक्या हातानं फोडून रात्रभर भिजवल्या की लवकर रुजतात. पण एप्रिल-मेच्या उन्हात तेही भरवशाचं नाही. तुमच्या मुलीबरोबर आधी हे करा, माती उकरून बघा.

पुन्हा धण्यांच्या नादी लागण्याआधी मेथी लावा. आम्ही श्रीखंडाच्या डब्याला खाली भोकं पाडली, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरले, वर बोटाच्या पेराएवढीही माती नाही. चौथ्या दिवशी हिरवं दिसायला लागलं. दोन आठवड्यांनी त्यानं स्वतः कात्रीनं कापली, जेमतेम मूठभर. ती भाजणीत घालून त्यानं थालीपीठ केलं: गार तव्यावर थापलं, बोटानं पाच भोकं पाडली, तेल सोडलं, मगच मी गॅस लावला. एका बाजूनं करपलं. एरवी ताटातली मेथी बाजूला काढणाऱ्या त्या मुलानं ते सगळं खाल्लं. तेव्हा पदार्थ म्हणाल तर थालीपीठच. पुदिन्याची चटणी मुलांना शिकवायला सांगतात ते मला पटत नाही, सगळं काम मिक्सरच करतो.

कोथिंबीर आम्ही नवरात्रानंतर पुन्हा पेरली आणि ती आली. दिवाळीला वन्सं आल्या तेव्हा त्यानं त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं आणि काडी दाखवली. त्या मनानं वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांचं माझ्या मुलावर फार प्रेम आहे. पण या बाबतीत त्या चुकल्या, आणि तुम्हीही तेच करायला निघालाय.

आणि हो, जुन्या धण्यांत जीव नसतो, ताजे आणा. पेरायच्या पाकिटातल्या बियांना कधीकधी औषध लावलेलं असतं, त्या तिला तोंडात घालू देऊ नका. तव्याजवळ मात्र तुम्ही उभे राहाच.